पळता भुई थोडी: फोबिया, फिलिया आणि मिसो यांच्या मुळाशी

मानसशास्त्राच्या एम.ए.ला असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. फोबियांची दीडशे नावं तिनं वहीत उतरवून घेतली आहेत आणि ती डोक्यात राहत नाहीत. ग्रीक मुळं शिकली तर यादी सोपी जाईल का, 'फोबिया म्हणजे भीती, फिलिया म्हणजे प्रेम, मिसो म्हणजे द्वेष' एवढ्यावर भागेल का, आणि मराठीत लिहिताना या शब्दांचं काय करायचं, असं तिनं विचारलंय.

मी सत्तावीस वर्षं वैद्यकीय आणि मानसशास्त्राचा मजकूर मराठीत आणतोय. औषधांसोबतच्या चिठ्ठ्या, रुग्णांची पत्रकं, संमतिपत्रं, मधूनमधून पाठ्यपुस्तकांची प्रकरणं. ग्रीक मला कुणी शिकवलेलं नाही, कोश उघडून उघडून आलं तेवढंच. तुम्हाला थोडक्यात सांगायचं तर मुळं जरूर शिका, यादी फेकून द्या, आणि ती तीन समीकरणं अर्धवट आहेत हे लक्षात ठेवा. अर्धवट कशी, ते माझ्याच फजितीपासून सांगतो.

अर्धशिशीवरचं चार पानी पत्रक होतं, एका रुग्णालयासाठी. लक्षणांमध्ये 'फोटोफोबिया' होतं. फोटो म्हणजे प्रकाश, फोबिया म्हणजे भीती. मी लिहून टाकलं, 'प्रकाशाची भीती वाटणे'. पत्रक छापलं, वाटलं गेलं. महिन्याभरानं तिथल्या सिस्टरचा फोन. एक बाई पत्रक हातात घेऊन काउंटरवर उभ्या होत्या. "माझी मुलगी भित्री नाहीये हो. तिला उजेड सोसत नाही, म्हणून खिडक्या लावून पडून राहते. हे भीतीचं काय लिहिलंय? वेड्याच्या डॉक्टरकडे पाठवणार का तिला?" उजेड सोसत नाही. त्या बाईंनी तीन शब्दांत माझं काम करून दिलं होतं. पुढच्या छपाईत तेच गेलं, आणि तेव्हापासून कुठलाही फोबिया समोर आला की मी आधी विचारतो, या माणसाला नेमकं होतंय काय?

नंतर चिडून 'फोबोस'चं मूळ शोधायला बसलो, तेव्हा कळलं की त्या बाई ग्रीकांच्या माझ्यापेक्षा जास्त जवळ होत्या. होमरच्या इलियडमध्ये फोबोस म्हणजे मनात दाटलेली भीती क्वचितच. तिथे फोबोस म्हणजे रणांगणावरची पळापळ. फळी फुटली, ढाली टाकल्या, पाठ दाखवून सगळे जहाजांकडे सुटले, तो फोबोस. 'फेबोमाय' या क्रियापदाचा अर्थच मुळी 'मी पळतो'. अलेक्झांड्रियाच्या अरिस्टार्कस या पंडितानं इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातच बजावून ठेवलं होतं की होमरमधल्या फोबोसचा अर्थ पळ असा घ्या, भीती असा घेऊ नका. म्हणजे त्या काळच्या ग्रीकांचीसुद्धा इथे गल्लत होत होती. मराठीत याला शब्द शोधायला लांब जावं लागत नाही. दाणादाण, गाळण उडणे, पळता भुई थोडी होणे. आपल्याही भाषेत घबराट आधी पायांत येते, मग मनात.

होमरनंतर शब्द हळूहळू पायांतून मनात सरकला. पण जुनी खूण देवांच्या नावात राहिली. युद्धदेव एरीसचे दोन मुलगे, फोबोस आणि डिमोस, बापाबरोबर रणात उतरतात आणि सैन्याची फळी मोडतात. ऑगस्ट १८७७ मध्ये वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेत असाफ हॉलनं मंगळाचे दोन चंद्र शोधले, त्यांना हीच नावं मिळाली. मंगळ म्हणजे रोमनांचा युद्धदेव, तेव्हा त्याच्याभोवती पळापळ आणि धास्ती फिरत राहणार, हे ओघानंच आलं.

इथे मराठी वाचकाला एक सोय आहे, ती वापरा. प्राचीन ग्रीकमधला 'फ' हा इंग्रजी 'एफ' नव्हता. तो आपल्या 'फळ'मधला, ओठ मिटून सोडायचा फ होता. आणि संस्कृतात जिथे 'भ' येतो तिथे ग्रीकमध्ये बऱ्याचदा हा 'फ' येतो. भ्राता तिकडे फ्राटेर, भरति म्हणजे वाहून नेतो तिकडे फेरेइ. हा नियम कळला की लगेच वाटतं, मग भय आणि फोबोस एकच! मलाही वाटलं होतं, आणि एका लेखात तसं लिहिण्यापासून मी थोडक्यात वाचलो. नाहीत एक. फोबोसचे भाऊबंद लिथुएनियन 'बेग्ती' आणि रशियन 'बेझात' हे आहेत, दोन्हींचा अर्थ धावणे-पळणे. आपल्या 'भय'चा सख्खा भाऊ रशियन 'बोयात्सा', म्हणजे भिणे. शेजारी राहतात, चेहरेही सारखे, पण घराणी वेगळी.

खरी गंमत दुसऱ्या मुलात, डिमोसमध्ये आहे. ग्रीक 'देओस' म्हणजे भीती, 'देइनोस' म्हणजे भयंकर. १८४२ मध्ये रिचर्ड ओवेननं इंग्लंडात सापडलेल्या प्रचंड हाडांना नाव दिलं, तेव्हा त्यानं 'देइनोस' आणि 'सौरोस' म्हणजे सरडा हे दोन शब्द जोडले आणि डायनासोर तयार झाला. या 'देइनोस'च्या मुळाशी जो धातू आहे, त्याच धातूकडे बरेच व्युत्पत्तिकार संस्कृत 'द्विष्'ही नेतात. त्याचंच आपलं 'द्वेष'. एकच बी. तिकडे रुजलं तेव्हा भीती झाली, इकडे रुजलं तेव्हा द्वेष. तुमच्या वहीत भीती आणि द्वेष यांचे दोन वेगळे रकाने आहेत ना? भाषेनं ते कधी नीट वेगळे ठेवलेलेच नाहीत.

तिसरा शब्द तर आपण रोज वापरतो. त्रास. संस्कृत 'त्रस्' म्हणजे थरथरणे, भिणे. ग्रीक 'त्रेओ' तोच, लॅटिनमधला 'टेरर'ही त्याच कुळातला. स्पार्टामध्ये रणातून पळालेल्याला 'त्रेसास' म्हणत, थरथरला तो. थर्मोपिलीच्या लढाईतून जिवंत परतलेल्या अरिस्टोडेमसला गावानं हीच पदवी लावली आणि त्याच्याशी कुणी बोलेना, असं ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो. मराठीत मात्र या शब्दाची धार पार गेली. 'गॅस संपलाय, काय त्रास आहे' असं म्हणणाऱ्याला आपण टेररचा चुलतभाऊ वापरतोय याची गंधवार्ता नसते.

पण जुन्या वैद्यकात ती धार शाबूत आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या जनावराच्या दंशाचं वर्णन आहे. चावलेल्या माणसाला पाण्यात किंवा आरशात तेच जनावर दिसू लागलं तर तो जगत नाही. पाणी नुसतं बघून किंवा स्पर्शानंही जो दचकतो, त्याच्या अवस्थेला तिथे 'जलत्रास' म्हटलंय. ग्रीक वैद्यांनी त्याच रोगाला 'हायड्रोफोबिया' म्हटलं, आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमचा वैद्यकलेखक सेल्सस तो शब्द ग्रीकांचा म्हणून नोंदवतो. दोन वैद्यकपरंपरा, एकच रोग, आणि शब्दाची घडणही तंतोतंत एकच: पाणी अधिक थरकाप. सेल्ससचा उपाय मात्र वाचवत नाही. रुग्णाला नकळत पाण्याच्या टाक्यात ढकलून द्या, म्हणतो.

आता बारकाईनं बघा. रेबीजच्या रुग्णाला पाण्याची भीती वाटते का? तहान लागलेली असते, पाणी हवं असतं. घोट घ्यायला गेलं की घशाचे स्नायू असे आवळतात की जीव गुदमरतो. पुढे पुढे तर पेला बघूनच आवळतात. भीती आहे, पण ती शरीरानं शिकवलेली. मी पत्रकात लिहितो, 'पाणी पिताना घसा आवळतो, पुढे पाणी पाहूनही तसं होतं.' लांब आहे, कबूल. पण घरचं माणूस ते वाचून नेमकं काय बघायचं ते बघतं.

आणि हाच शब्द रसायनशास्त्राच्या वर्गात भेटला तर तिसरंच काही. साबणाच्या कणाचं एक टोक 'हायड्रोफोबिक', दुसरं 'हायड्रोफिलिक'. त्याला ना भीती ना प्रेम. एक टोक पाण्याला धरतं, दुसरं पाण्याला टाळून तेलकट मळाला धरतं, आणि दोघांच्या ओढाओढीत मळ सुटतो. इथला फोबोस होमरच्या अर्थाला किती जवळचा आहे पाहिलंत? नुसतं दूर पळणं.

तुमच्या अभ्यासाच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'अगोराफोबिया', म्हणून त्यावर जरा थांबतो. १८७१ मध्ये बर्लिनच्या कार्ल वेस्टफालनं काही पुरुष रुग्णांची हकिगत छापली. मोठा मोकळा चौक एकट्यानं ओलांडायची वेळ आली की त्यांना धडकी भरायची. सोबतीला कुणी असलं तर पार करता यायचा. त्यानं 'अगोरा' शब्द उचलला. अगोरा म्हणजे ग्रीक नगरातली सभेची, बाजाराची जागा. यावरून आपल्याकडे 'मोकळ्या जागेची भीती' हा प्रतिशब्द रुळला, आणि तो विद्यार्थ्यांना हमखास फसवतो. कारण आजचे निकष उघडून बघा. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मनोविकारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात, पाच परिस्थिती दिल्या आहेत: बस-रेल्वेसारखी वाहनं, मोकळ्या जागा, बंदिस्त जागा, रांग किंवा गर्दी, आणि घराबाहेर एकटं असणं. पाचांपैकी दोन हव्यात. मोकळी जागा आणि बंदिस्त जागा एकाच यादीत! मग समान धागा कोणता? 'इथे मला काही झालं तर निसटता येणार नाही, मदतीला कुणी येणार नाही.' माझ्या ओळखीतले एक गृहस्थ विरार लोकलमध्ये चढत, पण फक्त धीम्या गाडीत. जलद गाडीत दोन स्थानकांमधला वेळ त्यांच्यानं काढवत नसे. त्यांना मोकळी जागाही नको होती आणि गर्दीही नको होती, हवा होता फक्त लवकर येणारा फलाट. हे कळलं की शब्दाचा अर्थ कळला. अगोरा ही केवळ वेस्टफालच्या रुग्णांच्या रस्त्यात आलेली जागा.

'क्लॉस्ट्रोफोबिया', म्हणजे बंदिस्त जागेची भीती, हा शब्द १८७९ मध्ये आला. त्यातला 'क्लॉस्ट्रम' म्हणजे अडसर, कुलूप. आणि तो लॅटिन आहे. अर्धा लॅटिन, अर्धा ग्रीक असल्या सोयरिकी शुद्धतावाद्यांना झोंबतात. मला नाही झोंबत. आपण 'डबलपट' म्हणतोच की.

आता प्रेमाकडे. 'फिलोस'चा अर्थ कोशात 'प्रिय' असा असतो. पण होमरचे लोक आपल्या गुडघ्यांना, हातांना, हृदयालासुद्धा 'फिलोस' म्हणतात. गुडघ्यांवर कोण प्रेम करतं? तिथे अर्थ आहे 'आपले', 'स्वतःचे'. अभ्यासकांनी यावर बरंच डोकं खपवलंय, पण मराठी माणसाला ते समजावून सांगायला नको. 'ती आपली आहे' म्हणताना आपण मालकी सांगतो की माया? 'आपलं माणूस' हे दोन शब्द म्हणजे फिलोसचं उत्तम भाषांतर. संस्कृत 'प्रिय'चीही वाट अशीच आहे. त्याच्याच मुळापासून इंग्रजी 'फ्रेंड' आला आणि 'फ्री'ही. आपल्या गोटातला तो प्रिय, तोच मित्र, आणि तोच स्वतंत्र, कारण गुलाम गोटाबाहेरचा.

समासात फिलोस कुठे बसतो यावर अर्थाची दिशा फिरते, हेही बघून ठेवा. 'फिलोथेओस' म्हणजे देवावर प्रेम करणारा. 'थेओफिलोस' म्हणजे देवाला प्रिय. थिओफिलस हे नाव त्यातलंच, आणि अशोकाची 'देवानांप्रिय' ही पदवी अर्थानं अगदी तीच. नालासोपाऱ्याला त्याच्या शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत आणि कार्ल्याच्या लेण्यात खांब दान करणारे 'यवन', म्हणजे ग्रीक, स्वतःची नावं कोरून गेले आहेत, म्हणजे या दोन भाषांची गाठभेट आपल्या अंगणातच झालेली आहे. कंदहारला १९५८ मध्ये अशोकाचा ग्रीक आणि अरामी असा दुभाषी लेख सापडला. त्यातल्या भाषांतरकारानं 'धम्म'साठी 'युसेबिया', म्हणजे भक्तिभाव, हा आपल्या लोकांना कळणारा शब्द घातला, पण 'प्रियदर्शी'चं भाषांतर करायच्या भानगडीत तो पडला नाही. नुसतं 'पिओदासेस' लिहून मोकळा झाला. बावीसशे वर्षांपूर्वीच्या या सहव्यावसायिकाबद्दल मला फार आपुलकी वाटते. काय फिरवायचं आणि काय तसंच ठेवायचं, हे त्याला बरोबर कळलं होतं. (देवानांप्रियचं पुढे काय झालं? संस्कृत वैयाकरणांनी त्याचा अर्थ 'मूर्ख' असा लावून टाकला. शब्दांचे दिवस फिरतात ते असे.)

आधुनिक शब्दांत 'फिल' मागे गेला, तोही अर्थाला धक्का न लावता. ग्रीकात पुस्तकवेड्याला 'फिलोबिब्लोस' म्हणत. ॲरिस्टॉटलची पुस्तकं विकत घेऊन त्यांची फाटलेली पानं स्वतःच्या अकलेनं भरणाऱ्या अपेलिकॉनला ग्रीक भूगोलकार स्ट्रेबोनं टोमणा मारलाय की हा फिलोसोफोस कमी आणि फिलोबिब्लोस जास्त. आज आपण उलटं करून 'बिब्लिओफाइल' म्हणतो.

तिकिटं जमवणाऱ्यांचा 'फिलाटेली' हा शब्द १८६४ मध्ये जॉर्ज एर्पां या फ्रेंच संग्राहकानं घडवला. त्यात टपालही नाही आणि तिकीटही नाही. 'आतेलेइया' म्हणजे करमाफी. तिकीट लावलेलं असलं की पत्र घेणाऱ्याला दाम मोजावा लागत नाही, म्हणून तिकिटाचं प्रेम म्हणजे करमाफीचं प्रेम. इतका द्राविडी प्राणायाम करून बनवलेला शब्द टिकला कसा याचं मला नवल वाटतं.

वैद्यकात मात्र 'फिलिया' बघून प्रेम लिहायला गेलात तर माझ्या फोटोफोबियासारखी गत होईल. 'हिमोफिलिया' हा शब्द १८२८ च्या एका जर्मन प्रबंधातून पुढे आला. शब्दशः रक्तप्रेम. रोग असा, की रक्त गोठवणारा आठवा किंवा नववा घटक अपुरा, त्यामुळे वाहायला लागलं की थांबत नाही. इथे 'फिलिया'चा अर्थ कल, ओढ एवढाच. 'रक्त लवकर थांबत नाही' असं लिहा आणि हिमोफिलिया हे नाव तसंच ठेवा.

माझा आवडता शब्द तर प्रत्येक घरात आलेला असतो. घरी कुणाचा सीबीसी रिपोर्ट असेल तर काढा. पांढऱ्या पेशींच्या खाली ओळीनं लिहिलेलं असतं: न्यूट्रोफिल, लिंफोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल, बेसोफिल. तीन 'फिल' आहेत. पॉल एर्लिख हा तरुण जर्मन डॉक्टर रक्ताच्या थेंबावर निरनिराळे रंग टाकून बघत होता. कुठली पेशी कुठला रंग धरते त्यावरून त्यानं नावं दिली. 'बेसिक', म्हणजे अल्कधर्मी, रंग धरणारी ती बेसोफिल. 'इओसिन' हा गुलाबी-लाल रंग धरणारी ती इओसिनोफिल, १८७९ ची गोष्ट. आता 'इओसिन' कुठून आला? इओस ही ग्रीकांची पहाटेची देवी, आणि भाषाशास्त्राच्या हिशेबात ती आपली उषाच. दोन्ही नावं एकाच मूळ शब्दाची. तेव्हा सर्दी-शिंका, ॲलर्जी किंवा पोटात जंत झाल्यावर जी वाढते म्हणून डॉक्टर तोंड वाकडं करतात, ती पेशी नावानं 'उषेचा रंग आवडणारी' आहे. एवढं सुंदर नाव मी अजून कुठल्याही पत्रकात वापरू शकलेलो नाही.

प्रेमाबद्दल बोलतोय तर एक भ्रम काढून टाकतो, कारण तुमच्या वहीत तो असणार. 'ग्रीकांकडे प्रेमाचे आठ प्रकार होते' अशी चित्रं फिरत असतात. त्यातलं 'लुडुस' लॅटिन आहे, त्याचा अर्थ खेळ. 'प्राग्मा' ग्रीक आहे पण प्रेम नव्हे. काम, व्यवहार, प्रकरण. ही दोन नावं प्रेमाच्या यादीत आली ती जॉन ॲलन ली यांच्या १९७३ मधल्या प्रेमशैलींच्या वर्गीकरणातून, आणि पुढे लोकांनी ती प्लेटोच्या खात्यावर मांडली. 'अगापे' म्हणजे निरपेक्ष, दैवी प्रेम, हेही सरसकट खरं नाही. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात राजपुत्र अम्नोन आपल्या सावत्र बहिणीवर, तामारवर, बलात्कार करतो. त्याआधी त्याला तिच्याबद्दल जी वासना होती तिलाही तिथे 'अगापे'च म्हटलंय. आणि पुढच्याच दमात म्हटलंय की त्या अगापेपेक्षा नंतरचा 'मिसोस' मोठा होता.

मिसोस, द्वेष. तुमच्या तिसऱ्या रकान्यातला शब्द आणि तिघांत सर्वांत सरळ. 'मिसोगिनी' म्हणजे स्त्रीद्वेष, 'मिसॅन्थ्रोप' म्हणजे माणूसघाणा. हा मराठी शब्द किती नेमका आहे पाहा, द्वेषाला थेट नाकाशी नेऊन बसवलंय. पण सरळ शब्दाच्या मागेही विचार आहे. सॉक्रेटिसच्या अखेरच्या दिवसाच्या संवादात प्लेटो त्याच्या तोंडी घालतो की माणूसघाणेपणा जन्मतः येत नाही. माणसं ओळखायची कला नसताना एखाद्यावर आंधळा विश्वास टाकायचा, तो दगा देतो, मग दुसऱ्यावर, तोही देतो. असं जवळच्यांकडून चार-पाचदा झालं की माणूस म्हणतो, सगळेच तसले. आणि युक्तिवादांबद्दलही नेमकं हेच होतं, त्याला तो 'मिसोलोजिया' म्हणतो. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितो, ही त्याची पहिली पायरी.

रोमचा विचारवंत सिसेरो याच्याही पुढे गेला. इसवी सनापूर्वी ४५ मध्ये लिहिताना तो मनाच्या आजारांत स्त्रीद्वेष, माणूसघाणेपणा आणि परक्याला दाराशी उभं न करण्याची वृत्ती हे तिन्ही एका ओळीत बसवतो. आणि म्हणतो, हे सगळे एका भीतीतून जन्मतात. ज्यांपासून माणूस पळतो आणि ज्यांचा तिरस्कार करतो, त्या गोष्टींच्या भीतीतून. पळणं, भिणं, तिरस्कार, तिन्ही एका वाक्यात. फोबोस आणि द्विष्, दोन्हींची कुळकथा त्यात आली.

यामुळे आजच्या एका वादाकडेही मी शांतपणे बघू शकतो. 'झेनोफोबिया' (परक्यांबद्दलचा), 'होमोफोबिया' (समलैंगिकांबद्दलचा) हे शब्द चूक आहेत, कारण ती भीती नसून द्वेष आहे, अशी तक्रार नेहमी येते. वैद्यकीय अर्थानं ते फोबिया नाहीत, हे खरं. झेनोफोबियाचा रुग्ण घाम फुटून दवाखान्यात येत नाही. 'होमोफोबिया' हा शब्द अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज वाइनबर्ग यांनी १९७२ च्या पुस्तकातून रूढ केला. त्यातला ग्रीक 'होमोस' म्हणजे आपला 'सम', आणि शब्दाला अक्षरशः सोलला तर उरतं 'सारख्याचं भय', म्हणजे काहीच नाही. तरी मी मराठीत करताना एकच शब्द ठोकत नाही. कायद्याच्या किंवा बातमीच्या मजकुरात 'समलैंगिकद्वेष', 'परकीयद्वेष' लिहितो, कारण तिथे कुणाला तरी मारहाण झालेली असते, घर नाकारलेलं असतं. समुपदेशनाच्या मजकुरात, जिथे बाप मुलाबद्दल बोलतोय आणि त्याला नेमकं काय वाटतंय ते त्यालाच ठाऊक नाही, तिथे 'धास्ती' किंवा 'अढी' लिहितो.

आणि 'झेनोस' या शब्दाला तर मी नमस्कार करतो. त्याचा अर्थ परका. त्याचाच अर्थ पाहुणा. त्याचाच अर्थ यजमान. परक्यांचा पाठीराखा म्हणून झ्यूसचं एक नावच 'झेनिओस'. पाहुण्याची आवभगत करणं म्हणजे 'फिलोक्सेनिया', हा प्राचीन शब्द आहे. 'झेनोफोबिया' एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला जुळवलेला. आजही अथेन्समध्ये हॉटेलच्या पाटीवर 'क्सेनोदोखिओ' लिहिलेलं असतं, परक्याला ठेवून घेण्याची जागा.

आता मराठीचं. 'भयगंड' हा रूढ प्रतिशब्द मला मान्य आहे. 'न्यूनगंड', 'अहंगंड' यांच्या रांगेत तो बसतो आणि परीक्षेत तोच लिहा. पण रुग्णाशी बोलताना तो वापरू नका, गाठ आल्यासारखा ऐकू येतो. आपल्याकडे भीतीच्या इतक्या तऱ्हा आहेत की ग्रीकांनी हेवा करावा. कुत्रा अंगावर आला तेव्हा दचकतो, अंधाराला बिचकतो, साहेबांना टरकतो, निकालाची धाकधूक असते. आणि एकदा अपघात पाहिल्यावर जो गाडीतच बसत नाही, त्यानं 'धसका घेतलेला' असतो. फोबियाला याहून चांगला शब्द मला सापडलेला नाही. धसका बसतो एका क्षणी, राहतो वर्षानुवर्षं, आणि समजावून जात नाही. तुमच्या पुस्तकातले निकष यात निम्मे आले.

त्या दीडशे नावांचं काय? निदानाच्या पुस्तकात ती नाहीतच. तिथे 'स्पेसिफिक फोबिया' असं एकच निदान आणि त्याचे पाच गट: प्राणी, निसर्ग, रक्त-सुई-जखम, परिस्थिती आणि इतर. रक्ताचा गट वेगळा काढलाय तो सकारण. इतर भीतींत छाती धडधडते, रक्तदाब चढतो. रक्त पाहिल्यावर मात्र तो आधी जरा चढून मग धाडकन उतरतो आणि माणूस कोसळतो. त्यामुळे उपचारातही स्नायू ताणायला शिकवतात, सैल सोडायला नाही. असा एक फरक कळणं हे पन्नास नावं पाठ करण्याहून तुमच्या उपयोगाचं आहे. बाकी यादी म्हणजे फावल्या वेळचा उद्योग. कोश आणि डिंक असला की कुणीही रोज चार फोबिया चिकटवू शकतो. 'त्रिस्कायडेकाफोबिया' तेवढा लक्षात ठेवा, कारण तो आपोआप राहतो: त्रिस म्हणजे त्रि, डेका म्हणजे दश. तेराची भीती.

शेवटी तुम्ही 'नोमोफोबिया'चं विचारलंय आणि सोबत लिहिलंय, 'नोमोस म्हणजे कायदा, म्हणून कायद्याची भीती'. मुळं शिकल्यावर पहिली ठेच इथेच लागते. इथे ग्रीक नोमोसचा काही संबंध नाही. 'नो मोबाइल'चा तो काटछाट केलेला तुकडा आहे, २००८ च्या सुमारास ब्रिटनमध्ये जुळवलेला. गेल्या वर्षी शाळांसाठीच्या एका पुस्तिकेत तो मला मराठीत करायचा होता. 'मोबाइलवियोगभय' असं कुणीतरी सुचवलं होतं. मी आठवीतल्या भाचीला विचारलं, फोन घरी राहिला तर काय होतं? ती म्हणाली, "काही नाही मामा, जीव वरखाली होतो." पुस्तिकेत तेच छापलंय.